आजी हसली नव्हती

ऑफिसात तिला सगळे टेपबाई म्हणत. तोंडावर नाही, पण पाठीमागे इतक्या मोठ्याने, की तोंडावर म्हटल्यासारखंच. तिला ते ठाऊक होतं आणि खरं सांगायचं तर मनातून आवडतही होतं. समाजकल्याण खात्याच्या त्या तिसऱ्या मजल्यावर खिडक्या रंग लागून कायमच्या चिकटल्या होत्या आणि पंखा फिरायचा कमी, कुरकुरायचा जास्त. तिथे ही एकच बाई अशी, की समोरचा माणूस जे बोलला तेच कागदावर उतरवायची. शब्दन् शब्द. माणूस शिवी देऊन बोलला तर शिवीसकट.

बाकीचे लिहीत, "सदर महिला कौटुंबिक कलहाने त्रस्त असल्याचे दिसून येते." टेपबाईच्या अहवालात तीच महिला म्हणायची, "नवरा बरा आहे हो, पण आईपुढे त्याची दातखीळ बसते." विभागाचे साहेब कपाळाला हात लावत.

"अहो बाई, हा अहवाल आहे का नाटक?"

"साहेब, ध चा मा मी करणार नाही. त्यांचं बोलणं त्यांचंच राहू दे. आपण नुसते हमाल. सामान इथून तिथे न्यायचं, आत हात घालायचा नाही."

घरी तर तिच्याशी भांडण्यात अर्थच नव्हता. नवरा बस डेपोत वायरमन, साधा माणूस. आवाज चढला की ती शांतपणे विचारायची, "मागच्या वेळी तू काय म्हणाला होतास ते सांगू? जसंच्या तसं सांगू?" की तो लगेच हात जोडून मोकळा. "शहाण्याने कोर्टाची पायरी चढू नये म्हणतात," तो मुलीला सांगायचा, "मी तर कोर्टाशी लग्नच केलं." मुलगी खिदळायची, आणि टेपबाई भांडी घासता घासता गालातल्या गालात हसायची.

हा हट्ट तिला जन्मतः नव्हता. नोकरीला लागल्या लागल्या एका आईची गाठ पडली होती. ती आई म्हणाली होती, "हात उचलला गेला हो माझा. मग रात्रभर त्याला मांडीवर घेऊन बसले, त्याचं डोकं दुखत होतं ना." तेव्हाच्या वरिष्ठांनी त्याचं एक वाक्य केलं : आईने मारहाण कबूल केली आहे. मांडी गेली, रात्र गेली, डोकं दुखणं गेलं. पोरगं बालगृहात गेलं. त्या आईचा चेहरा टेपबाईला पुढे कधी विसरता आला नाही, आणि तिने ठरवून टाकलं, की माझ्या हातून कुणाच्या बोलण्यातला शब्द सांडणार नाही. चांगलाच नेम होता. वाईट माणसाने कुणाचं वाटोळं केलं तर निदान त्याला शिव्या तरी घालता येतात. हे सगळं चांगल्या नेमातून झालं, म्हणून सांगताना माझाच जीव वरखाली होतो.

तर किल्लीवाली आजी.

कोपऱ्यावरच्या छपरीत तिने आणि तिच्या नवऱ्याने जन्मभर किल्ल्या बनवल्या. छपरीच्या मागेच एक खोली, दोघांचं घर. नवरा गेला, तरी आजीने धंदा बरीच वर्षं एकटीने ओढला, डोळ्यांनी दगा दिला तेव्हा कुठे थांबली. पण खोलीतल्या भिंतीवर खिळ्यांना कोऱ्या किल्ल्या अजून टांगलेल्या होत्या आणि कानस उशाशी असायची. मूलबाळ नाही. एक पुतण्या, तो बायकापोरांसह शहराच्या दुसऱ्या टोकाला.

आजीची एक खोड होती. कुठल्याही प्रश्नाला सरळ उत्तर द्यायचं नाही. ती धंद्यातून आलेली खोड. किल्ली हरवलेला माणूस निम्मा रडकुंडीला आलेला असतो, त्याला आधी हसवावं लागतं, मग काम करता येतं. "आजी, ही किल्ली लागेल ना?" असं कुणी विचारलं की ती मान वर न करता म्हणायची, "नाही लागली तर चोराचीही पंचाईत होईल, तेवढाच फायदा." आणि स्वतः कधी हसायची नाही. चेहरा दगडासारखा. समोरचा पोट धरून हसतोय आणि ही कानस चालवतेय. या दगडी चेहऱ्यासाठी तर लोक लांबून यायचे.

एकदा दुधाचं भांडं शेगडीवर राहिलं. दूध उतू गेलं, आच विझली, गॅस चालूच. शेजारणीला वास आला म्हणून निभावलं. पुतण्याच्या तोंडचं पाणी पळालं. तो वाईट माणूस नव्हता, हे आधीच सांगून टाकते, नाहीतर तुम्ही त्यालाच खलनायक करून मोकळे व्हाल. त्याला रात्री झोप येईना. "काकू, माझ्याकडे चला," म्हणाला. आजी म्हणाली, "तुझ्याकडे दोन खोल्या आणि पाच माणसं. मला काय खुंटीला टांगणार?" मग कुणीतरी त्याला सांगितलं, की कोर्टात जा, पालकत्व माग, म्हणजे काकूंच्या वतीने तुला ठरवता येईल. कोपऱ्यावरची जागा मोक्याची होती, हेही कुणीतरी सांगितलं असेल. मी त्याच्या मनात शिरून पाहिलेलं नाही.

कायदा तसा चांगला आहे. माणूस शहाणा आहे असंच धरून चालायचं. तो तसा नाही हे म्हणणाऱ्याने सिद्ध करायचं. आणि शहाण्या माणसाला चुकीचा निर्णय घ्यायचाही हक्क असतो. एकटं राहायचा, पडायचा, दूध उतू घालवायचा. टेपबाईला हे तोंडपाठ होतं, नव्या मुलींना तीच शिकवायची. कोर्टाने विचारलं होतं एवढंच : या बाईंना स्वतःचं स्वतः ठरवण्याइतकी समज आहे का? आणि ते बघून यायला खात्याने पाठवलं टेपबाईला. आजीने नशीब काढलं, असं तेव्हा सगळ्यांना वाटलं. टेपबाईलासुद्धा.

ती गेली तेव्हा दार उघडंच होतं. तरी उंबऱ्याबाहेर उभी राहून तिने विचारलं, "आजी, येऊ का आत?"

"दार मी उघडं ठेवलंय ते माश्यांसाठी. पण तूही ये."

आजीने एकुलती खुर्ची तिच्याकडे सरकवली आणि स्वतः खाटेवर बसली. टेपबाईने कशासाठी आलोय ते नीट सांगितलं. उत्तर द्यायचं नसेल तर देऊ नका, हेही सांगितलं.

"विचार गं पोरी. फार दिवसांत कुणी काही विचारलं नाही."

"आज कोणता वार आहे?"

"मला आता सगळे वार सारखेच. पण तू ऑफिसातून आलीस, म्हणजे रविवार नसणार."

"वय किती तुमचं?"

"लग्नाला हरकत नाही इतकं."

"घरात कोण कोण असतं?"

"मी आणि नवरा." आजीने भिंतीवरच्या फोटोकडे मान हलवली. "बोलत नाही. पण आधी तरी कुठे फार बोलायचा?"

टेपबाईला हसू आवरेना. पेन थांबवून ती हसून घ्यायची, मग लिहायची.

"आजी, समजा पुन्हा गॅस चालू राहिला आणि वास आला. काय कराल?"

"पुतण्याला बोलावीन. म्हणीन, ये बाबा, काडी ओढ."

यावर तर टेपबाई डोळ्यांतून पाणी येईपर्यंत हसली. आजी तशीच, दगडासारखी. मग उठून तिने शेगडीची नवी नळी दाखवली. दूध उतू गेलं त्याच्या दुसऱ्याच दिवशी शेजारणीकडून आणवून घेतली होती. निघताना आजी म्हणाली, "मला इथून हलवू नका म्हणावं. या खोलीतल्या अंधारातही मला सगळं सापडतं. दुसरीकडे गेले तर दिवसासुद्धा सापडणार नाही." हे एकच वाक्य ती सरळ बोलली.

टेपबाईने सगळं लिहिलं. जसंच्या तसं. नळी लिहिली, अंधाराचं वाक्य लिहिलं, आणि खाली निष्कर्ष लिहिला : समज पूर्ण शाबूत. घरी येऊन नवऱ्याला म्हणाली, "अशी बाई तुला दाखवायला हवी. तिची उत्तरं वाचली की जजसुद्धा हसतील."

जज हसल्या नाहीत.

त्याही वाईट नव्हत्या. मवाळ आवाजाच्या, चष्म्यावरून बघणाऱ्या बाई. टेबलावर फायलींची चळत आणि प्रत्येक फायलीत कुणाचं तरी घर. त्यांनी अहवाल वाचला आणि टेपबाईला विचारलं, "तुम्ही लिहिलंय, समज शाबूत आहे. पण तुम्हीच दिलेल्या उत्तरांत वार सांगता आलेला नाही, वय सांगता आलेलं नाही. मेलेला नवरा घरात राहतो असं त्या म्हणतात. आणि गॅसचा वास आला तर काडी ओढायला लावणार म्हणतात. हे मी कसं समजून घेऊ?"

"बाईसाहेब, त्या गंमत करत होत्या."

"असं अहवालात कुठे आहे?"

टेपबाईने अहवाल चाळला, जणू तो दुसऱ्याच कुणी लिहिला होता. नव्हतं. ती स्वतः किती हसली, ते तिने लिहिलं नव्हतं. हमाल आपलं हसू कशाला लिहील? शब्द सगळे आले होते, एकही सांडला नव्हता. गंमत तेवढी खोलीतच राहिली होती.

"बरं, मला एवढंच सांगा," जज म्हणाल्या, आणि त्या खरंच मदत करत होत्या, हे टेपबाईला कळलं. "हे बोलताना त्या हसल्या होत्या का?"

हो म्हटलं असतं, की आजी घरी गेली असती. एक अक्षर. त्या दिवशी आजीच्या खोलीत तिसरं कुणी नव्हतं. साहेबांनी म्हटलं असतं, कुणीही म्हटलं असतं, तुम्ही आणि मीही म्हटलं असतं. टेपबाईने आजीकडे पाहिलं. आजी पुतण्याशेजारी बाकावर ताठ बसली होती, धुतलेली साडी, हातात रिकामी पिशवी. चेहरा दगडासारखा.

"नाही," टेपबाई म्हणाली. "हसल्या नव्हत्या. हसले ते मी."

जजनी अहवाल मिटला. मग आजीकडे वळून प्रेमाने म्हणाल्या, "आजी, तुम्हाला इथे कशासाठी आणलंय, कळतंय ना?"

इथे तरी आजीने एकदा सरळ बोलायचं. पण भीती वाटली की माणूस आपल्या खोडीलाच घट्ट धरतो. "कळतंय की," आजी म्हणाली. "कुणाचं तरी कुलूप अडलं असेल. त्याशिवाय मला कोण बोलावतंय?"

मागच्या बाकावरचे एकदोघं फिसकन हसले. जज हसल्या नाहीत. त्यांनी खाली बघून लिहून घेतलं. जसंच्या तसं.

पुतण्याला पालकत्व मिळालं. आजीला सांभाळ केंद्रात ठेवायचं ठरलं. तिथे डॉक्टर येतो, जेवण वेळेवर, गॅसला हात लावायचा प्रश्नच नाही. एका वर्षाने पुन्हा सुनावणी, हाही कायद्याचाच चांगुलपणा. साहेब टेपबाईला म्हणाले, "अहो, निष्कर्षाच्या आधी दोन ओळी तुमच्या पदरच्या घालायला काय झालं होतं? 'विनोदी स्वभाव', संपलं." त्यांनी फाईल बंद करून कपाटावर टाकली.

फाईल बंद झाली तरी ती केंद्रात जायला लागली. खात्याची म्हणून नाही, रविवारची, स्वतःची. लांबच लांब खोली, दोन्ही बाजूंना पलंग, प्रत्येक पलंगाला नंबर. केंद्राच्या बाई स्वभावाने बऱ्या. "छान आहेत हो तुमच्या आजी, पण थोडं काहीबाही बोलतात," म्हणायच्या. तिथल्या मुलींना कामातून मान वर करायला वेळ नव्हता, गंमत कळायला तेवढा तरी वेळ लागतो. आजी म्हणायची, "या पलंगाला नंबर दिलाय म्हणजे पळून जात असेल." मुलगी घाबरून बाईंना सांगायला जायची, आजीला पलंग पळताना दिसतो.

आणि मग टेपबाईने ते केलं. चांगल्या मनानेच केलं. हिचं सगळं चांगल्या मनानेच.

"आजी, घरी जायचंय ना? मग वर्षाने ते पुन्हा विचारतील. तेव्हा गंमत करायची नाही. वार विचारला, की वार. वय विचारलं, की वय. नवरा वारलाय म्हणायचं. गॅसचा वास आला तर बटण बंद, खिडक्या उघड, आणि शेजारणीला हाक. बास. याच्या पुढे एक शब्द नाही."

"एवढ्याने सोडतील?"

"एवढंच तर हवंय त्यांना."

आजीने विचार केला. "सोपं आहे," म्हणाली. "हे तर पोपटही करील."

दर रविवारी उजळणी व्हायची. सुरुवातीला आजी मध्येच घसरायची. "नवरा वारला," म्हणायची आणि पुढे जोडायची, "असं तोच सांगत होता." टेपबाई ओठ चावून हसू दाबायची आणि करड्या आवाजात म्हणायची, "आजी, नाही. पुन्हा." पुढे पुढे घसरणं कमी झालं. हळूहळू मुलींनी आजीबद्दल तक्रार करणं थांबवलं. एका रविवारी टेपबाई आली तेव्हा आजी पलंगावर हात मांडीवर ठेवून बसली होती, आणि काही विचारायच्या आधीच म्हणाली, "रविवार." शेजारच्या पलंगावरची म्हातारी म्हणाली, "दिवसभर वारच म्हणत असते." टेपबाईने गंमत काढावी म्हणून विचारलं, "काय आजी, पलंग पळाला का नाही अजून?" आजीने पलंगाकडे पाहिलं, मग तिच्याकडे. "नाही," म्हणाली. "हे पण विचारणार आहेत का?"

टेपबाई त्या दिवशी बसमध्ये रडली. घरी नवऱ्याने विचारलं, काय झालं? तिने ते दोन वाक्यांत सांगितलं, जसंच्या तसं, आणि नवऱ्याला त्यात रडण्यासारखं काही सापडलं नाही. तो बिचारा तिचा हात धरून बसला.

मध्यंतरी पुतण्याने ती खोली भाड्याने दिली होती. केंद्राचा खर्च निघायला हवा, हे त्याचं म्हणणं खोटं नव्हतं. भाडेकरूने भिंतीवरच्या किल्ल्या काढून भिंत रंगवली आणि दाराचं कुलूप बदललं. टेपबाई एकदा तिथून मुद्दाम जाऊन आली. तरी तिने धीर सोडला नव्हता. कोर्टाने आजीला शहाणी ठरवलं की भाडेकरू काढता येतो, कायद्यात तशी सोय आहे.

सुनावणीच्या दिवशी जज त्याच होत्या. आजी उभी राहिली. साडी स्वच्छ, केस चापून बसवलेले.

"आज कोणता वार?"

"मंगळवार."

"वय?"

आजीने सांगितलं. बरोबर.

"घरी कोण असतं?"

"कुणी नाही. नवरा वारला."

"गॅसचा वास आला तर?"

"बटण बंद करायचं. खिडक्या उघडायच्या. शेजारणीला हाक मारायची."

शब्द सगळे बरोबर. टेपबाईचे ओठ तिच्याबरोबर हलत होते, शाळेच्या स्टेजवर पोर उभं असताना आईचे हलतात तसे.

"वा," जज म्हणाल्या, आणि या वेळी त्या हसल्या, अगदी मनापासून. "वर्षापूर्वीचे कागद माझ्यासमोर आहेत. केवढी सुधारणा आहे ही! वेळेवर औषध, चार माणसांची सोबत, नियमित दिनक्रम, याचाच गुण. इतकं चांगलं मानवलंय, तर आता ही घडी विस्कटू नये. पुढचं वर्ष केंद्रातच राहू दे." पुतण्याने नमस्कार केला. त्याच्या डोळ्यांत खरंच पाणी होतं.

टेपबाई उठून उभी राहिली. "बाईसाहेब, ही सुधारणा नाही. ही उत्तरं मी पाठ करून घेतली आहेत."

"मग तर प्रश्नच मिटला," जज शांतपणे म्हणाल्या. "म्हणजे ही समज त्यांची नव्हेच. बसा तुम्ही."

बाहेरच्या लांब पडवीत आजी बाकावर बसली होती. केंद्राची गाडी फाटकाशी लागत होती. टेपबाई शेजारी येऊन बसली, तशी आजीने तिचा हात धरला.

"सगळं बरोबर आलं ना गं?"

"हो आजी. एकही चुकलं नाही."

"मग आता घरी ना?"

जन्मभर जिने कुणाच्या बोलण्यात पदरचा शब्द घातला नव्हता, एका अक्षरासाठी जिने एक म्हातारी घालवली होती, ती टेपबाई म्हणाली, "हो. घरी."

ती आजीबरोबर गाडीत बसली. उजवीकडे वळलं की कोपऱ्यावरची छपरी, डावीकडे केंद्र. गाडी डावीकडे वळली, आणि आजीच्या ते लक्षात आलं, कारण ती वळून मागच्या काचेतून बघत राहिली. टेपबाईला वाटलं, आता ही बोलेल. आता असं काहीतरी लागेलसं बोलेल, दगडासारख्या तोंडाने, की मला आयुष्यभर पुरेल. ती त्या शब्दांची अक्षरशः भीक मागत होती.

आजी पुन्हा समोर वळली. हात मांडीवर ठेवले, पाठ ताठ केली.

"मंगळवारच आहे ना गं आज?" ती म्हणाली. "मी मंगळवारच सांगितलं होतं."